देखाव्यातली तलवार: जुनी विकत घ्यावी की नवी घडवून घ्यावी?

खानापूर तालुक्यातील एका तरुण मंडळाच्या सचिवांचे पत्र आले आहे. येत्या वैशाखात बेळगावच्या शिवजयंती चित्ररथ मिरवणुकीत त्यांचे मंडळ नेसरीच्या खिंडीतील प्रतापराव गुजरांच्या अखेरच्या लढाईचा सजीव देखावा सादर करणार आहे. शस्त्रांसाठी ५०,००० रुपये जमले आहेत. कोल्हापूरकडचा एक विक्रेता ‘शिवकालीन’ म्हणून एक जुनी तलवार ४०,००० रुपयांना देऊ करतो आहे. तेवढ्याच पैशांत सर्वांसाठी दहा नव्या तलवारी होतील, असे मंडळातील दुसऱ्या गटाचे म्हणणे आहे. ज्येष्ठांचे मत असे की, जुनी घ्यावी, तिची धार बोथट करून घ्यावी आणि प्रतापरावांची भूमिका करणाऱ्या मुलाच्या हाती द्यावी, कारण खऱ्या शस्त्राचे तेज नकलेला येत नाही. एका सभासदाच्या घरी खंडेनवमीला पुजली जाणारी वडिलोपार्जित तलवार आहे. ती चालेल का आणि पोलीस परवानगीचे काय करावे, असेही सचिवांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी सांगतो, कारणे मागाहून. लढतीसाठी जुनी तलवार वापरू नये आणि बोथट करून तर मुळीच वापरू नये. तलवारी नव्याच घडवून घ्याव्यात. मात्र दिवाणखान्यात टांगण्यासाठी म्हणून ज्या विकल्या जातात त्या घेऊ नयेत, कारण लढतीच्या दृष्टीने त्या जुन्या तलवारीइतक्याच घातक असतात. दहाही तलवारी पोलादाच्या लागतील, असे मला वाटत नाही. त्याविषयी पुढे लिहिले आहे. आपल्या सभासदाच्या घरची तलवार या कामात फार उपयोगी पडणार आहे, पण ती मिरवणुकीत नव्हे, तर त्याआधी, मोजमाप घेताना.

ज्येष्ठांच्या सूचनेत धारेचा विचार झालेला दिसतो, मुठीचा झालेला दिसत नाही. आणि जुन्या तलवारीचा खरा धोका मुठीत असतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या तलवारींची मूठ लोखंडाची आणि आतून पोकळ असते. पात्याचा मुठीत शिरणारा निमुळता भाग, ज्याला आपण येथे शेपटी म्हणू, तो आखूड असतो आणि राळ किंवा लाख यांत विटेच्या पुडीसारखे काही मिसळून केलेल्या मिश्रणाने तो त्या पोकळीत बसवलेला असतो. मूठ तापवायची, वितळलेले मिश्रण आत भरायचे, शेपटी दाबून बसवायची आणि थंड होऊ द्यायचे, अशी ती रीत होती. त्या काळी ती सोयीची होती, कारण पाते मोडले तर मूठ पुन्हा तापवून दुसरे पाते चढवता येत असे. परंतु दीड-दोनशे वर्षांत हे मिश्रण वाळते, त्याला तडे जातात आणि हळूहळू त्याची भुकटी होते. बाहेरून मूठ घट्ट वाटते, पाते हलतही नाही. मात्र दुसऱ्या पात्यावर चार-सहा जोरकस वार झाले की धक्क्याने उरलेसुरले मिश्रण सुटते आणि तीन फुटांचे पाते मुठीतून निसटून समोरच्या गर्दीकडे जाते.

हे तपासून पाहता येते. मुठीतून निघालेल्या दोन लहान जिभा पात्याला दोन्ही बाजूंनी धरतात. त्यांच्या कडेला गडद तपकिरी रेघ दिसते, ती या मिश्रणाची. तलवार अणी, म्हणजे पात्याचे टोक, वर करून, मूठ पांढऱ्या कागदावर येईल अशी धरावी, मग ती सावकाश उलटी करून मुठीवर बोटाने टिचक्या माराव्यात. कागदावर विटकरी किंवा काळपट भुकटी पडली, तर आतली पकड गेलेली आहे असे समजावे. भुकटी पडली नाही म्हणून मात्र पकड शाबूत आहे असे सिद्ध होत नाही. त्यातच आपली मिरवणूक वैशाखातली. दुपारभर ट्रॉलीच्या पत्र्यावर पडून राहिलेली लोखंडी मूठ हाताला चटका देते आणि तेवढ्या उष्णतेने लाख नरमही पडू शकते. मोठ्या परजेच्या (परज म्हणजे मुठीचा हात राखणारा भाग) मराठा पद्धतीच्या मुठींमध्ये पाते लांब पट्ट्यांत धरून त्यांतून रिव्हेट मारलेले असतात आणि ती जोडणी अधिक भक्कम असते हे खरे. पण त्या रिव्हेटांभोवतीच गंज आतल्या आत पाते खात असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

आता धार बोथट करण्याविषयी. लढतीच्या सरावासाठी पात्याची कड सुमारे २ मि.मी. जाडीची आणि गोलसर असावी लागते. जुने पाते पाठीकडून धारेकडे पाचरीसारखे निमुळते होत गेलेले असते. त्याला २ मि.मी.ची कड आणायची तर नुसती धार घासून भागत नाही, पात्याची रुंदीच काही भाग घासून टाकावी लागते. ग्राइंडरच्या उष्णतेने पोलादाचे पाणी, म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कडकपणा, उतरतो, ते वेगळेच. पाते उत्तम पोलादाचे असेल, तर त्याच्या अंगावर लाटांसारख्या बारीक रेषा असतात, ज्यांना जाणकार जोहर म्हणतात. त्या घासण्याने आणि पॉलिशच्या चाकाने दिसेनाशा होतात. आणि एवढे सगळे करूनही हाती जे उरते ते भरवशाचे नसतेच, कारण हाताने ठोकलेल्या जुन्या पोलादात थर नीट न जुळलेल्या जागा आणि मळीचे कण राहिलेले असतात, तसेच पूर्वी केव्हातरी बसलेल्या धक्क्यांच्या केसासारख्या बारीक चिरा असू शकतात. एक वारसावस्तू नष्ट करून एक वाईट सराव-तलवार तयार करण्याचा हा उद्योग आहे, असे स्पष्ट लिहितो. ज्येष्ठांनी राग मानू नये.

तेजाचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. हातातल्या वस्तूने माणसाचे उभे राहणे बदलते, हे मान्य आहे. पण कडोलकर गल्लीच्या कडेला उभा असलेला प्रेक्षक दिव्यांच्या झगमगाटात वीस फुटांवरून पात्याचा आकार, त्यावरची चमक आणि ते धरणाऱ्या मुलाचा हात एवढेच पाहतो. पाते सतराव्या शतकातले आहे की गेल्या महिन्यातले, हे त्याला कळत नाही. मुलगा वजन पेलतो आहे की नुसताच काठी फिरवतो आहे, हे मात्र त्याला लगेच कळते, आणि ते शस्त्राच्या वयावर नव्हे, तोलावर आणि सरावावर अवलंबून असते.

विक्रेत्याच्या ‘शिवकालीन’ या शब्दाकडे आता वळू. आज घराघरांत आणि बाजारात दिसणाऱ्या जुन्या तलवारींपैकी बहुसंख्य अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या असतात. सतराव्या शतकातली, मूळ मुठीसह अखंड राहिलेली तलवार ही दुर्मीळ गोष्ट आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे अवघड झाले, तेव्हा आपल्या भागात जी शस्त्रे टिकली ती मुख्यतः संस्थानिक, इनामदार, देसाई-सरदेसाई अशा घराण्यांकडे. तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारायचा तो तलवारीच्या वयाचा नव्हे, तर ती कोणत्या घरातून, कोणत्या मार्गाने त्याच्याकडे आली याचा. त्यावर ‘एका वाड्यातून’ एवढेच उत्तर मिळाले, तर ते उत्तर नव्हे.

वस्तूकडे पाहूनही पुष्कळ कळते. खरा गंज असमान असतो: हाताचा घाम लागणाऱ्या जागी, परजेच्या कोपऱ्यात, म्यानाच्या तोंडाशी तो खोल जातो आणि इतरत्र पाते बऱ्यापैकी शाबूत असते. आम्ल किंवा मिठाचे पाणी लावून आणलेला गंज सर्वत्र सारखा, बारीक खड्ड्यांचा आणि तांबूस असतो. मुठीवर सोन्याचांदीच्या तारेचे कोफ्तगारी काम असेल, तर बोटे आणि तळवा जिथे घासतात तिथे ते झिजलेले हवे. उंचवट्यांवर नवेकोरे आणि खाचेत काळे दिसणारे काम संशयास्पद समजावे. मुठीच्या कोपऱ्यांत विजेच्या वेल्डिंगचा मण्यांसारखा सांधा किंवा पात्यावर ग्राइंडरचे समांतर ओरखडे दिसले, तर पुढे बोलण्याचे कारण नाही. पात्यावर देवनागरीत कोरलेले ‘श्री’ किंवा एखादे साल यांनी काहीच सिद्ध होत नाही, कारण कोरायला एक दुपार पुरते. जुन्या मुठीवर नवे पाते चढवलेल्या तलवारीही पुष्कळ फिरतात. वर सांगितलेल्या लाखेच्या रीतीमुळे ही अदलाबदल सोपीच असते.

कायद्याची बाजूही येथेच येते. १९७२ चा पुरावशेषांसंबंधीचा अधिनियम शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना लागू होतो. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणजे विक्रेता खरे बोलत असेल, तर त्याच्याकडे हा परवाना हवा आणि त्याने रीतसर पावती द्यायला हवी. आणि तो खोटे बोलत असेल, तर आपले ४०,००० रुपये एका नव्या वस्तूसाठी जातात. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी, वर्गणीच्या पैशांतून ही खरेदी मंडळाने करू नये. कोणा सभासदाला स्वतःच्या हौसेसाठी, कागदपत्रे पाहून जुनी तलवार घ्यायची असेल, तर तो प्रश्न वेगळा आणि देखाव्याशी त्याचा संबंध नाही.

सभासदाच्या घरची तलवार तशीही घरात आहे. ती मिरवणुकीत नेऊ नये, म्यानात घालून कमरेला लावण्यापुरतीही नेऊ नये, कारण गर्दीत ती कोण उपसेल याची शाश्वती नसते. पण घरच्यांची परवानगी असेल, तर नव्या तलवारीचा नमुना म्हणून तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. एखाद्या रविवारी कारागिराला त्या घरी न्यावे. तलवार खाकी कागदावर आडवी ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढावी. पात्याची रुंदी मुठीशी, मध्यावर आणि अणीजवळ घ्यावी. पाठीची जाडी दर चार-सहा इंचांवर व्हर्निअरने मोजावी, कारण नव्या तलवारींत नेमकी हीच गोष्ट चुकते: जुन्या पात्याची जाडी मुठीकडून अणीकडे कमी होत जाते, आणि नवे पाते बहुतेकदा सरळ पट्टीतून कापलेले, सर्वत्र सारख्याच जाडीचे असते. वजन करावे. पाते बोटावर आडवे तोलून तोल कोणत्या जागी येतो ती खूण करावी. मुठीच्या आतली, बोटे बसण्याची जागा मोजावी. ती अनेकदा जेमतेम तीन-सव्वातीन इंचांची निघते आणि मुले म्हणतात, पूर्वीच्या लोकांचे हात लहान होते. तसे समजण्याचे कारण नाही. मूठ हाताला चपखल बसावी म्हणूनच ती तशी केलेली असते. मूठ उघडून पाहण्याचा मोह मात्र कोणी करू नये.

घरच्यांना एक सूचनाही पोचवावी, विषय निघाला आहे म्हणून. खंडेनवमीला अणीला लिंबू टोचण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पूजा झाली की ते लगेच काढावे, पाते कोरड्या सुती फडक्याने पुसावे आणि त्याला पातळ यंत्रतेलाचा हात द्यावा. लिंबाचा रस आणि ओले हळदकुंकू रात्रभर राहिले, तर पात्यावर कायमचे काळे डाग पडतात. आणि जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यातील पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना कातडी म्यान चार महिने किती ओल धरून ठेवते हे सांगायला नको. पावसाळ्यात पाते म्यानाबाहेर, तेल लावून, कोरड्या कापडात ठेवावे.

नमुना कोणता घ्यावा, हेही ठरवले पाहिजे, कारण घरची तलवार कदाचित एकोणिसाव्या शतकातली, जास्त वक्र पात्याची निघेल. नेसरीचा प्रसंग २४ फेब्रुवारी १६७४ चा. सरनोबत प्रतापराव गुजर आणि त्यांच्यासोबतचे सहा स्वार विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, असे परंपरा सांगते. त्या काळातल्या मराठा स्वाराच्या हाती लांब, सरळ किंवा किंचितच वक्र पात्याची धोप, रुंद परजेची मूठ आणि मुठीच्या टोकाला मागे निघालेला गज, असे चित्र योग्य ठरेल. समोरच्या पक्षाला अधिक वक्र पात्यांच्या तलवारी द्याव्यात, म्हणजे प्रेक्षकांना दोन्ही बाजू चटकन ओळखता येतील. पण ही देखाव्याची सोय आहे हे ध्यानात ठेवावे आणि निवेदनात ‘मराठ्यांची सरळ, आदिलशाहीची वाकडी’ असे सांगू नये, कारण दख्खनमध्ये दोन्ही आकार दोन्हीकडे होते आणि युरोपातून आलेली सरळ फिरंगी पातीही दोन्हीकडचे लोक वापरत होते. लग्नात नवरदेवाच्या हाती देतात ती सिंहमुखी मुठीची, पितळी तलवार मात्र कुठेच दिसू देऊ नये. कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातील संग्रहालय आपल्याला जवळ आहे. कित्तूर किल्ल्यातील शासकीय संग्रहालयातही शस्त्रे पाहता येतात. विजापूरला गोलघुमटाच्या आवारातील संग्रहालयही वेळ असेल तर पाहून यावे. कारागिराला सोबत न्यावे, हे सर्वांत महत्त्वाचे.

आता घडवण्याविषयी, आणि येथे आपल्या भागाचा आपल्याला मोठा फायदा आहे. बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छे परिसरात फाउंड्री, मशीन शॉप आणि हीट ट्रीटमेंटची कामे रोज चालतात. चांगले स्प्रिंग पोलाद कोणते आणि त्याला पाणी कसे द्यावे, हे तेथील कामगाराला शिकवावे लागत नाही. त्याला तलवार ठाऊक नसते इतकेच, आणि ती उणीव वर सांगितलेली मापे भरून काढतील. पोलाद स्प्रिंगचे घ्यावे, ईएन ४५ किंवा त्या जातीचे. ट्रकचे जुने पाटे भंगारातून आणून तलवारी करण्याची सूचना मंडळात कोणीतरी नक्की करील. ती मानू नये, कारण वर्षानुवर्षे दणके खाल्लेल्या पाट्यात आधीच सूक्ष्म चिरा असतात आणि नव्या पट्टीने खर्चात फारसा फरक पडत नाही. स्टेनलेस स्टीलही नको. सुरीला ते चांगले, पण तीन फुटी पात्याला आदळआपट सोसत नाही आणि ते पूर्वसूचना न देता मोडते. कडकपणा रॉकवेलच्या मापात ४५ ते ५० च्या दरम्यान असू द्यावा, आणि सर्व तलवारींचा सारखाच असावा. एक पाते फार कडक आणि दुसरे मऊ असले की मऊ पात्याला खाचा पडतात आणि कडक पात्याच्या कडेचा कपचा उडतो.

शेपटीच्या बाबतीत जुन्या रीतीची नक्कल करू नये. पाते आणि शेपटी एकाच पट्टीतून निघालेली असावी, शेपटी रुंद असावी, खांद्याशी, म्हणजे पाते संपून शेपटी सुरू होते तिथे, काटकोनात कापलेली नसून गोलाई देऊन उतरवलेली असावी, आणि ती मुठीच्या पूर्ण लांबीतून जाऊन शेवटी रिव्हेटसारखी ठोकून बसवलेली असावी. शोभेच्या तलवारींत नेमके येथेच पाणी मुरते: रुंद पात्याला मागे एक बारीक बोल्ट वेल्डिंगने चिकटवलेला असतो आणि वर चकचकीत मूठ चढवलेली असते. म्हणून मूठ चढवण्याआधी प्रत्येक पाते स्वतः पाहायचे, अशी अट कारागिराला आगाऊ रकमेबरोबरच घालावी. कड २ मि.मी.हून कमी नको, अणी नाण्याच्या कडेसारखी गोल हवी, आणि परजेला कुठेही टोकदार कोपरा नको. वजन एक ते सव्वा किलोच्या आत ठेवावे. जड तलवार म्हणजे खरी तलवार, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. दोन किलोची तलवार दहा मिनिटे चालवल्यावर मुलाला वार वेळेवर थांबवता येत नाही, आणि अपघात त्याच क्षणी होतो.

आता संख्येचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची रुंदी साधारण सहा-सात फूट असते. मुलाचा लांबवलेला हात आणि धोप मिळून जवळजवळ सहा फूट होतात. म्हणजे ट्रॉलीवर दोघांनी खरी लढत केली तरी तिसऱ्याला उभे राहायला सुरक्षित जागा उरत नाही, मग दहा जणांची गोष्टच सोडा. माझी सूचना अशी: ट्रॉलीवर लढत करूच नये. तेथे खिंडीचा क्षण गोठवलेल्या चित्रासारखा उभा करावा, आणि मिरवणूक जिथे थांबते तिथे दोन जोड्यांनी खाली रस्त्यावर, दोरीच्या कड्यात, लढत दाखवावी. तसे केले तर पोलादी तलवारी चारच लागतात. ट्रॉलीवरच्या बाकीच्या सहा सुक्या, हलक्या लाकडाच्या, चंदेरी रंग दिलेल्या असाव्यात. यात खर्चाचा भाग आहेच, पण मोठे कारण विजेचे आहे: ट्रॉलीवर जनरेटर असतो, दिव्यांच्या माळांच्या तारा डोक्याजवळून गेलेल्या असतात, जुन्या गल्ल्यांत वरूनही तारा खाली आलेल्या असतात, आणि आवेशात उंचावलेले लोखंडी पाते नेमके तिथवर पोचते. लाकडी आणि पोलादी तलवारींची लढत मात्र सरावातही लावू नये.

चार तलवारी हाती येईपर्यंत सराव थांबवण्याचे कारण नाही. मर्दानी खेळाच्या आखाड्यांत फरी-गदक्यावर, म्हणजे लहान ढाल आणि सरावाच्या काठीवर, हात बसवतात, तोच क्रम ठेवावा, आणि तालमीतल्या जाणत्या उस्तादाला बोलावावे. वार ठरलेलेच असावेत, खांद्याच्या वर एकही नसावा, अणी पुढे करून भोसकण्याचा प्रकार अजिबात नसावा. पोलादी तलवारींवर आल्यानंतर प्रत्येक सरावाच्या शेवटी पात्याची कड फडक्याने चाचपावी. जिथे धागा अडकेल तिथे कंगोरा उठलेला आहे, तो लगेच कानशीने काढावा. बोथट तलवारीने होणाऱ्या जखमांपैकी पुष्कळ या कंगोऱ्यांनी होतात. तलवारी मोजून देणारा आणि मोजून परत घेणारा एकच माणूस नेमावा, आणि त्याने देखाव्यात भूमिका करू नये. मिरवणुकीत नातेवाईक फोटोसाठी तलवार मागतात. त्यांना लाकडी द्यावी.

परवानगीच्या बाबतीत ‘बोथट आहे, म्हणजे शस्त्र नाही’ या समजुतीवर विसंबू नये. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे, त्यांत तलवारीही, स्वतंत्र वर्गात घातलेली आहेत. घरगुती, शेतीच्या आणि कारखान्याच्या कामाची अवजारे तेवढी वगळलेली आहेत. बोथट पोलादी पात्याला ग्राइंडरवर धार आणता येते, हे पोलिसांनाही ठाऊक असते. शिवाय मिरवणुकीच्या काळात शस्त्रबंदीचे तात्पुरते आदेश निघू शकतात आणि त्यांपुढे इतर युक्तिवाद चालत नाही. आपला सराव खानापूर तालुक्यात, म्हणजे जिल्हा पोलिसांच्या हद्दीत, आणि मिरवणूक शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत होणार. म्हणून दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज द्यावेत. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यावा आणि सोबत मराठी प्रत जोडावी, म्हणजे तो टेबलावर अडून राहणार नाही. तलवारींची संख्या, प्रत्येकीची लांबी, कडेची जाडी, छायाचित्रे, कारागिराची पावती आणि त्या सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव त्यात असावे. पोलिसांनी पोलादी तलवारींना नकार दिला, तर रस्त्यावरची लढत फरी-गदक्यावर करावी आणि तशी तयारी सुरुवातीपासून ठेवावी.

घडवण्याचे काम कोल्हापुरात करून घेण्याचा विचार असेल, तर तो शक्यतो सोडावा. कोगनोळीला किंवा शिनोळीला सीमेवर गाडी तपासली गेली आणि मागच्या आसनावर गोणपाटात गुंडाळलेल्या तलवारी निघाल्या, तर देखाव्याची गोष्ट ऐकायला त्या वेळी कोणी मोकळे नसते. उद्यमबागेतून खानापूरला आणतानाही तलवारी कुलूप लावलेल्या पेटीत ठेवाव्यात, आणि पोचेचा शिक्का असलेली अर्जाची प्रत व कारागिराची पावती गाडी चालवणाऱ्याच्या खिशात असावी.